चॅटवरून गेम चालवताना कमांड गळतात, अडकतात, उशिरा पोचतात: बिघाड नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

"एकट्याने टेस्ट केलं तेव्हा सगळं चाललं. लाइव्ह गेलो, लोक आले आणि थोड्या वेळात पात्र जागचं हलेना." प्रेक्षकांच्या हाती गेम देणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. मग स्क्रिप्ट बंद करून पुन्हा चालू केली जाते, पाच-दहा मिनिटं सुरळीत जातात आणि परत तेच. रीस्टार्टने चालतं म्हणून दोष शोधायचा राहून जातो आणि पुढच्या स्ट्रीमला तो हजर असतो.

प्रेक्षकाने टाइप केलेली कमांड गेमपर्यंत पोचायला तीन टप्पे लागतात. चॅटच्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट मेसेज उचलते, त्यात कमांड आहे का ते ओळखते आणि मग विंडोजला सांगून बटण दाबते. तिन्ही ठिकाणचे बिघाड बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून सेटिंग बदलायच्या आधी बिघाडाचा टप्पा ठरवा. मी इथे विंडोज, पायथॉनची स्क्रिप्ट आणि ट्विच किंवा यूट्यूबची चॅट एवढं धरून चाललो आहे.

आधी तीन नोंदी

स्क्रिप्टमध्ये तीन जागी एकेक ओळ फाइलमध्ये लिहायची सोय करा: मेसेज हातात आला की 'आलं', कमांड म्हणून ओळखला की 'ओळखलं', बटण दाबून सोडलं की 'दाबलं'. प्रत्येक ओळीत मिलिसेकंदापर्यंतची वेळ हवी. मेसेज आहे तसा न लिहिता पायथॉनच्या रेप्र फंक्शनमधून काढून लिहा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी चिन्हंही फाइलमध्ये उघडी पडतात.

ही फाइल उघडतानाच यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) लिहायला विसरू नका. विंडोजवर पायथॉनच्या बहुतेक आवृत्त्या ते आपणहून धरत नाहीत. सिस्टिम इंग्रजीवर असेल तर चॅटमध्ये पहिलं देवनागरी अक्षर किंवा इमोजी आला, की लिहिण्याच्या ओळीवरच एरर येते आणि चॅट वाचणारा थ्रेड, म्हणजे स्क्रिप्टचा स्वतंत्रपणे चालणारा भाग, तिथेच मरतो. खिडकी उघडी राहते, स्क्रिप्ट चालू दिसते, पण वाचणारं कुणी उरलेलं नसतं. नुसत्या इंग्रजी चॅटवर टेस्ट केली तर हा दोष कधीच दिसणार नाही.

आता स्ट्रीम चालू ठेवा आणि बिघाड होऊ द्या. शेवटची नोंद कोणती आहे ते पाहा, पुढचा शोध तिथूनच सुरू होतो.

'आलं' हीच नोंद थांबली असेल

ट्विचची चॅट आयआरसी या जुन्या चॅट-पद्धतीने येते. सर्व्हर साधारण दर पाच मिनिटांनी 'पिंग' (जोडणी जिवंत आहे का अशी विचारणा) पाठवतो आणि उत्तरादाखल 'पाँग' गेलं नाही तर जोडणी तोडतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं आणि स्क्रिप्टमध्ये तशी ओळही असते. तरी जोडणी तुटते, कारण ती ओळ बहुतेक वेळा 'आलेल्या मजकुराची सुरुवात पिंगने होते का' एवढंच तपासते. चॅट रिकामी असताना पिंग एकटा येतो आणि सापडतो. गर्दी असली की तोच पिंग पाच-सहा मेसेजच्या पाठीला चिकटून एकाच गठ्ठ्यात येतो, सुरुवातीला नसतो, आणि उत्तर जात नाही. लोक आले की स्क्रिप्ट का मरते, याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारणही त्याच गठ्ठ्यात आहे, आणि मराठी स्ट्रीमला ते जास्त छळतं. सॉकेटमधून, म्हणजे सर्व्हरशी असलेल्या जोडणीच्या आपल्याकडच्या टोकातून, मजकूर अक्षरांच्या हिशेबाने येत नाही, बाइटच्या हिशेबाने येतो. स्क्रिप्ट म्हणते '२०४८ बाइटपर्यंत दे', आणि जेवढं आलं असेल तेवढं मिळतं. कुठे तुटलं याची सॉकेटला पर्वा नसते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, ते मधून तुटूच शकत नाही. देवनागरीत प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी, ३ बाइटचं असतं. 'खाली' या शब्दात ख, काना, ल आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट झाले. गठ्ठा यातल्या पाचव्या बाइटवर संपला तर कान्याचे दोन बाइट अलीकडे आणि एक पलीकडे राहतो. स्क्रिप्ट अलीकडचा गठ्ठा अक्षरांत बदलायला जाते, अर्धवट काना तिला कळत नाही आणि ती एरर देऊन थांबते.

यावर 'चुकीचे बाइट दुर्लक्षित कर' असा उपाय सर्रास सुचवला जातो. तो करू नका. एरर जाते, पण कानाही जातो आणि प्रेक्षकाचं 'खाली' तुमच्याकडे 'खली' होऊन पोचतं. कमांड ओळखली जात नाही, नोंदीत काही वावगं दिसत नाही, आणि प्रेक्षकाला वाटतं आपल्याकडे लक्षच दिलं जात नाही.

खरा उपाय एकच आहे आणि तो दोन्ही दोष मिटवतो. आलेले बाइट एका साठ्यात जोडत जा. साठ्यात ओळ संपल्याची खूण सापडली की तिथपर्यंतचा तुकडा कापून घ्या, तो पूर्ण तुकडा अक्षरांत बदला आणि मगच त्यात पिंग आहे की मेसेज ते पाहा. उरलेलं शेपूट पुढच्या गठ्ठ्यासाठी साठ्यातच राहू द्या. यूटीएफ-८ मध्ये ओळ संपल्याच्या खुणेचा बाइट देवनागरी चिन्हाच्या पोटात कधीच येत नाही, त्यामुळे कापताना अक्षर तुटायची भीती नाही. स्क्रिप्टमध्ये एवढी एकच दुरुस्ती करायला वेळ असेल तर ही करा.

ट्विचवर फक्त वाचायचं असेल, चॅटमध्ये उत्तर द्यायचं नसेल, तर टोकनची (लॉगिनसाठी ट्विच देतं त्या किल्लीची) गरज नाही. 'जस्टिनफॅन' आणि पुढे काही आकडे असं नाव दिलं की निनावी वाचता येतं. टोकनची मुदत संपण्याचा प्रश्नच मग उरत नाही.

यूट्यूबचं दुखणं वेगळं. तिथे अधिकृत मार्गाने चॅट वाचायच्या नेहमीच्या पद्धतीत स्क्रिप्टला सर्व्हरकडे पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागते, आणि किती वेळाने विचारायचं ते सर्व्हर प्रत्येक उत्तरात सांगतो. ते न मानता सतत विचारत राहिलात तर दिवसाचा कोटा (विचारणांची ठरलेली मर्यादा) लवकर संपतो. प्रत्येक प्रोजेक्टला रोज मूळ १०,००० युनिट मिळतात आणि ते पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री पुन्हा भरतात. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, अमेरिकेतल्या हिवाळ्यात दीड. सकाळी टेस्टिंगमध्ये खर्चलेले युनिट दुपारी परत मिळतात, पण दुपारनंतर केलेलं टेस्टिंग रात्रीच्या स्ट्रीमच्या वाट्यातून जातं. स्ट्रीम रोज रात्री ठरावीक काळाने मरत असेल तर आधी कोटा तपासा. आणि प्रत्येक नव्या ब्रॉडकास्टला चॅटचा आयडी नवा असतो; कालचा आयडी स्क्रिप्टमध्ये तसाच लिहून ठेवला असेल तर आज एकही मेसेज येणार नाही.

यूट्यूबवर पहिल्या विचारणेला आधीचे मेसेजही येतात. स्ट्रीमच्या मध्यात स्क्रिप्ट चालू करताच पात्र सैरावैरा पळत असेल तर कारण हेच. पहिला गठ्ठा टाकून द्या, किंवा मेसेजची वेळ पाहून जुने गाळा. वेळ पाहणार असाल तर एक खड्डा आहे: मेसेजवरची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) असते आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. थेट वजाबाकी केली तर आत्ता आलेला मेसेजही साडेपाच तास जुना ठरतो आणि सगळेच गळतात. दोन्ही वेळा यूटीसीतच घ्या.

'आलं' आहे, 'ओळखलं' नाही

स्क्रिप्टमध्ये मेसेज आणि कमांड यांची तुलना हुबेहूब केलेली असते, तिथे हे होतं. फोनचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दापुढे स्पेस सोडतो, इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतो. स्पेस कापणं आणि सगळं लहान अक्षरांत आणणं बहुतेकांनी केलेलं असतं. त्यापलीकडचं बघू.

ट्विच सामान्य प्रेक्षकाला ३० सेकंदांच्या आत तोच मेसेज पुन्हा पाठवू देत नाही. चॅनेलचा मालक आणि मॉडरेटर यांना ही अट नाही. म्हणूनच तुमच्या टेस्टमध्ये 'वर', 'वर', 'वर' बिनबोभाट चालतं आणि लाइव्हमध्ये प्रेक्षकाचा फक्त पहिला 'वर' येतो. टेस्ट नेहमी दुसऱ्या, साध्या खात्यावरून करा. या अटीवर मात करण्यासाठी चॅटरिनो आणि ७टीव्हीसारखी साधनं मेसेजच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जोडतात. दिसायला 'वर' तेच, पण स्क्रिप्टच्या दृष्टीने शब्द वेगळा. रेप्रने लिहिलेल्या नोंदीत हे शेपूट लगेच दिसतं. प्रेक्षकांनी एकेक पाऊल टाइप करत बसू नये म्हणून 'वर ३' अशी आकड्याची सोयही द्या.

तो आकडा कोणत्या लिपीत येईल हेही पाहा. मराठी कीबोर्डवरून '३' येतो, इंग्रजीवरून दुसरा. पायथॉनचं इंट फंक्शन दोन्ही समजतं, पण रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातला साचा शोधायच्या सूत्रात) शून्य ते नऊ अशी इंग्रजी आकड्यांची कक्षा लिहिली असेल तर देवनागरी आकडा बाहेर राहतो. जावास्क्रिप्टमध्ये तर आकड्यासाठीची नेहमीची खूणही देवनागरी अंक धरत नाही.

मराठी कमांड ठेवल्या असतील तर आणखी थोडं काम आहे, आणि ते मनापासून करावं असं मला वाटतं. आपल्या चॅनेलवर येणाऱ्या मुलांना आपल्या भाषेत गेम खेळता येतो याचा आनंद त्यांच्या मेसेजमध्ये दिसतो. एका वेलांटीपायी त्यांची कमांड वाया जाऊ नये. काही कीबोर्ड शब्दात जोडणारी किंवा तोडणारी अदृश्य चिन्हं घुसवतात, युनिकोडच्या भाषेत २००डी आणि २००सी. पायथॉनचं स्ट्रिप फंक्शन ती काढत नाही, ती वेगळी गाळावी लागतात. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना युनिकोडचं एकच सामान्यीकरण लावा, म्हणजे एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलं गेलं तरी जुळेल. आणि शब्दांच्या बाबतीत सढळ राहा: 'उडी'बरोबर 'उडि', 'डावीकडे'बरोबर 'डावी कडे', 'डावं', 'डावा', शिवाय रोमन लिपीत लोक लिहितात ती रूपं, सगळी एकाच कमांडवर लावा. यादी स्वतः कल्पून करू नका. 'आलं' आहे पण 'ओळखलं' नाही अशा ओळी फाइलमधून काढा. लोक खरोखर काय लिहितात ते तिथे आयतं मिळतं.

'दाबलं' म्हणतंय, पण गेम ढिम्म

इथे स्क्रिप्टने आपलं काम केलंय आणि अडथळा विंडोज किंवा गेममध्ये आहे. नोटपॅड उघडा, त्यात क्लिक करा आणि चॅटमधून कमांड पाठवा. नोटपॅडमध्ये अक्षरं उमटली तर बटणं दाबली जात आहेत, गेम ती घेत नाही. उमटलीच नाहीत तर दोष अलीकडे आहे. नुसत्या हालचालीच्या बाणांवर टेस्ट करू नका, अक्षर असलेली कमांड वापरा.

अक्षरं उमटत नसतील तर कीबोर्डचा लेआउट पाहा. चॅटला मराठीत उत्तर देऊन लेआउट मराठीवरच राहिलेला असतो. पायऑटोजीयूआयसारखी लायब्ररी अक्षर आणि बटण यांची जोडणी स्क्रिप्ट सुरू होतानाच्या लेआउटवरून लावते. त्या वेळी मराठी असेल तर इंग्रजी अक्षरांची बटणं तिला सापडत नाहीत. लेआउट इंग्रजीवर आणून मगच स्क्रिप्ट सुरू करा.

नोटपॅडमध्ये उमटतंय पण गेममध्ये नाही, तर आधी फोकस. बटणं नेहमी पुढच्या खिडकीला जातात. ओबीएसमध्ये, म्हणजे स्ट्रीम पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सीन बदलायला एक क्लिक केला की पुढच्या सगळ्या कमांड ओबीएस खातो. सीन बदलण्यासाठी हॉटकी (कुठलीही खिडकी पुढे असली तरी चालणारं बटण) लावा. मग परवानगी: गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल आणि स्क्रिप्ट साधी, तर विंडोज स्क्रिप्टची बटणं गेमपर्यंत जाऊच देत नाही आणि अडवल्याचं सांगतही नाही. दोन्ही एकाच पातळीवर चालवा. मग स्कॅन कोड: अनेक गेम कीबोर्डकडून बटणाचा हार्डवेअर क्रमांक वाचतात, तर साध्या लायब्ररी विंडोजचा आभासी क्रमांक पाठवतात. अशा गेमसाठी पायडायरेक्टइनपुट वापरा, ती स्कॅन कोड पाठवते.

एम्युलेटरवर (कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळत असाल तर या सगळ्याला बगल देता येते. बिझहॉकमध्ये आणि एमजीबीएच्या ०.१० पासूनच्या आवृत्त्यांत लुआ भाषेतली स्क्रिप्ट चालते आणि ती गेमच्या कंट्रोलरला थेट बटण देते. फोकस, लेआउट, परवानगी, कशाचाच संबंध येत नाही. डॉल्फिनमध्ये खिडकी मागे असतानाही इनपुट घ्यायचा पर्याय आहे.

कमांड कधी लागते, कधी नाही, असं होत असेल तर बटण किती वेळ दाबलं जातंय ते पाहा. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. त्यापेक्षा कमी वेळात बटण दाबून सोडलं तर गेमच्या नजरेस पडेलच असं नाही. ५० मिलिसेकंद साधारण पुरतात, पण स्ट्रीम सुरू झाल्यावर मशीनवर ताण येऊन गेम २० फ्रेमवर घसरला तर एकच फ्रेम ५० मिलिसेकंदांची होते. ऑफलाइन चालणारं लाइव्हमध्ये गळतं ते असं. १०० मिलिसेकंद ठेवा.

चॅटला माउस दिला असेल तर आणखी एक. पायऑटोजीयूआयमध्ये माउस पडद्याच्या कोपऱ्यात गेला की स्क्रिप्ट मुद्दाम थांबते. बेलगाम झालेली स्क्रिप्ट अडवायची ती सोय आहे. चॅट माउस कोपऱ्यात नेणारच. सोय बंद करण्यापेक्षा माउसला कोपऱ्यांपासून काही पिक्सेल अलीकडेच रोखा.

हे सगळं एकट्याने खेळायच्या गेमपुरतं ठेवा. स्पर्धेच्या ऑनलाइन गेममध्ये स्क्रिप्टने दाबलेली बटणं अँटीचीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) पकडू शकतं, आणि खातं जातं ते तुमचं.

बटण अडकून राहणं

पात्र भिंतीला डोकं लावून चालतच राहतं आणि कुठलीही कमांड ऐकत नाही. याचं मूळ बहुतेक वेळा असं असतं: प्रत्येक कमांडसाठी स्वतंत्र थ्रेड सुरू होतो, तो बटण दाबतो, दोन सेकंद थांबतो, सोडतो. एका प्रेक्षकाने 'डावीकडे' लिहिलं. दीड सेकंदाने दुसऱ्यानेही तेच लिहिलं. आणखी अर्ध्या सेकंदाने पहिला थ्रेड आपला वेळ संपला म्हणून बटण सोडतो, आणि दुसऱ्याचे दीड सेकंद बुडतात. त्याच वेळी तिसऱ्याने 'उजवीकडे' लिहिलं तर दोन्ही बटणं एकत्र दाबलेली राहतात. आणि दाबणं व सोडणं यांच्या मध्ये एखाद्या थ्रेडमध्ये एरर आली तर सोडायला कुणी उरतच नाही.

थ्रेडला बटण सोडण्याचा अधिकार देऊ नका. एक तक्ता ठेवा: बटण, आणि ते कधी सोडायचं ती वेळ. कमांड आली की तक्त्यातली वेळ 'आत्तापासून दोन सेकंद' अशी पुढे ढकला आणि विरुद्ध दिशेचं बटण असेल तर त्याची वेळ आत्ताची करा. एकच लूप दर १० मिलिसेकंदांनी तक्ता पाहील आणि तोच दाबेल, तोच सोडेल. कितीही लोकांनी एकदम लिहिलं तरी बटणाचा मालक एकच राहतो.

याला दोन जोड द्या. गेमची खिडकी मागे गेली की तक्ता रिकामा करा. कारण दाबणं गेमला मिळालं आणि सोडणं दुसऱ्या खिडकीला, तर गेमच्या लेखी बटण दाबलेलंच राहतं. आणि 'सगळं सोड' अशी एक हॉटकी स्वतःजवळ ठेवा. स्क्रिप्ट कशीही बंद झाली तरी शेवटी हेच काम आपोआप होईल असं लिहा.

उशीर: एक नव्हे, दोन

'आलं' आणि 'दाबलं' यांच्या वेळांतलं अंतर पाहा. स्ट्रीमच्या सुरुवातीला अर्धा सेकंद आणि तासाभराने चाळीस सेकंद असेल तर रांग तुंबते आहे. पायऑटोजीयूआय आणि पायडायरेक्टइनपुट दोन्ही प्रत्येक कृतीनंतर आपणहून ०.१ सेकंद थांबतात. दाबणं आणि सोडणं मिळून ०.२, म्हणजे सेकंदाला पाचच कमांड. लोक आठ पाठवत असतील तर दर सेकंदाला तीन शिल्लक पडतात. हा थांबा शून्य करा, आणि रांगेत दोन सेकंदांहून जुनी झालेली कमांड सरळ टाकून द्या. शिळी कमांड पाळण्यात कुणाचंच भलं नाही.

हे अंतर कमी असूनही लोक उशिराची तक्रार करत असतील तर उशीर व्हिडिओचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका निनावी प्रोग्रॅमरने १२ फेब्रुवारी २०१४ रोजी ट्विचवर पोकेमॉन रेड हा गेम चॅटच्या हवाली केला, तेव्हा याच उशिराने लाखो लोकांना रडवलं होतं. दिसतं ते काही सेकंद जुनं, त्यावरून दिलेली कमांड लागते तेव्हा पात्र भलतीकडेच असतं. गेममधल्या टीम रॉकेट या टोळीच्या तळातल्या चक्रव्यूहात सगळे अडकले, तेव्हा मतं मोजून बहुमताची कमांड चालवायची 'लोकशाही' पद्धत आणली गेली. अनेकांना ती पटली नाही, त्यांनी निषेध म्हणून मेनू उघडणाऱ्या बटणाच्या कमांडचा पाऊस पाडला. तरी १ मार्चला गेम पूर्ण झाला.

तुमचा उशीर मोजायला ओबीएसच्या सीनमध्ये सेकंदांसह घड्याळ ठेवा आणि स्ट्रीम मोबाइल डेटावर फोनमध्ये लावा. दोन्ही पडदे शेजारी धरून फोटो काढला की फरक दिसतो. यूट्यूबवर लेटन्सी (म्हणजे हाच उशीर) 'अल्ट्रा लो' ठेवा, ट्विचवर लो लेटन्सी चालू करा. मतदान ठेवणार असाल तर त्याची मुदत या उशिरापेक्षा बरीच मोठी हवी: उशीर आठ सेकंदांचा आणि मतदान पाच सेकंदांचं असेल तर प्रत्येक फेरीत लोक आधीच्या फेरीच्या चित्रावर मत देत राहतील. उड्या मारायचे, क्षणात निर्णय घ्यायचे गेम मोठ्या उशिरावर चालणार नाहीत, तिथे पाळीपाळीने खेळायचा गेम निवडा. ही मोजणी ज्या वेळी स्ट्रीम करता त्याच वेळी करा, दुपारचं इंटरनेट आणि रात्री नऊचं इंटरनेट सारखं नसतं.